पबमेडच्या मागचा माणूस : डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज

घरात कुणाचा तरी रिपोर्ट येतो आणि त्यावर एक अनोळखी शब्द असतो. त्या रात्री काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. रुग्ण औषध घेऊन झोपलेला असतो आणि मुलगा किंवा सून मोबाइलवर तो शब्द टाकून पहाटेपर्यंत वाचत बसते. एक पान म्हणतं ऑपरेशन लगेच करा, दुसरं म्हणतं अजिबात करू नका, तिसरं एक काढा विकतं. सकाळी ओपीडीत आमच्यासमोर येतात ते पंधरा स्क्रीनशॉट.

यातलं तपासलेलं संशोधन कुठलं, हे बघण्याची जगभरच्या डॉक्टरांची एक नेहमीची जागा आहे. तिचं नाव पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही यादी तुम्हालाही फुकट आणि नाव न नोंदवता उघडता येते. ती ज्यांच्या कामातून उभी राहिली ते डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज १९१३ मध्ये वारले. त्यांनी संगणक पाहिला नव्हता. पण त्यांची गोष्ट कळली की पबमेड काय देतं आणि काय देत नाही, हे चांगलं लक्षात येतं. म्हणून आज त्यांच्याविषयी.

सहा महिने आणि एक प्रबंध

बिलिंग्ज यांचा जन्म १२ एप्रिल १८३८ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. घर शेतकऱ्याचं. मुलाला पुस्तकांचं वेड. त्याने वडिलांशी एक करार केला: मला कॉलेजला पाठवा, घरच्या मालमत्तेतला माझा वाटा बहिणीला द्या. वडिलांनी ते मान्य केलं. १८५७ मध्ये पदवी घेऊन तो सिनसिनाटीच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाला. पैशांची ओढाताण इतकी की पोटाला चिमटा काढूनच शिक्षण झालं.

१८६० मध्ये पदवीसाठी प्रबंध लिहायचा होता. विषय होता फेफरं, म्हणजे अपस्मार किंवा एपिलेप्सी, आणि त्यावरची शस्त्रक्रिया. त्या काळी काही सर्जन फिट येणाऱ्या रुग्णाच्या कवटीला भोक पाडत. भूल देण्याचं तंत्र नवं होतं, जंतुसंसर्ग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. बिलिंग्ज यांना एक साधा प्रश्न पडला. आजवर किती जणांवर ही शस्त्रक्रिया झाली, त्यातले किती बरे झाले आणि किती दगावले?

प्रश्न तुमच्यासारखाच होता. सल्ला मिळाला की तुम्हीही हेच विचारता.

उत्तर शोधायला त्यांना सुमारे सहा महिने लागले. सिनसिनाटीतली सार्वजनिक आणि खासगी ग्रंथालयं त्यांनी पालथी घातली. बहुतेक पुस्तकं तिथे नव्हतीच, म्हणून फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि इतर ठिकाणी पत्रं लिहून चौकशी केली. या खटाटोपातून त्यांना तीन गोष्टी पटल्या आणि पुढे आयुष्यभर त्या ते सांगत राहिले. एका विषयासाठी हजारभर ग्रंथ चाळणं हे अफाट वेळखाऊ काम आहे आणि त्या ग्रंथांच्या सूचींवरही नेहमी भरवसा ठेवता येत नाही. दुसरं, जगात कुठे ना कुठे वैद्यकशास्त्राचे एक लाखाहून जास्त ग्रंथ आणि नियतकालिकांचे खंड आहेत. आणि तिसरं, त्यातला बराचसा भाग एका छताखाली मिळेल असं एकही ग्रंथालय अमेरिकेत नाही. त्यासाठी युरोपला जावं लागेल, तेही एका नव्हे, अनेक राजधान्यांना.

ग्रंथालय नसल्याचं दुःख पुस्तकी वाटेल, पण त्याचा परिणाम रुग्णाच्या अंगावर होतो. एका गावच्या सर्जनने जो उपाय करून पाहिला आणि रुग्ण दगावले, तोच उपाय दुसऱ्या गावचा सर्जन नव्या उमेदीने करतो, कारण पहिल्याचा अनुभव त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. शिवाय छापून येतात ते बहुतेक यशाचे किस्से. दगावलेल्यांवर लेख लिहायला कुणाचा हात लवकर उचलत नाही. ही अडचण तेव्हाही होती, आजही आहे.

युद्ध, आणि युद्धातून उरलेले पैसे

प्रबंध झाला, पदवी मिळाली आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. बिलिंग्ज लष्करात सर्जन झाले. चान्सलर्सव्हिल आणि गेटिसबर्ग या १८६३ च्या दोन्ही मोठ्या लढायांत ते रणांगणावरच्या इस्पितळात शस्त्रक्रिया करत होते. १८६४ मध्ये त्यांची बदली वॉशिंग्टनला झाली. लष्कराच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख म्हणजे सर्जन जनरल. त्यांच्या कार्यालयात कागदपत्रांचं काम बिलिंग्ज यांच्याकडे आलं. तिथेच एक छोटं ग्रंथालय होतं. युद्ध संपलं तेव्हा त्यात जेमतेम दोन-अडीच हजार पुस्तकं होती.

युद्ध संपल्यावर लष्करी इस्पितळं बंद झाली आणि त्यांच्या निधीतले सुमारे ८०,००० डॉलर शिल्लक राहिले. हे पैसे ग्रंथालयाकडे वळवले गेले. सरकारी खात्यात उरलेला पैसा पुस्तकांवर खर्च होतो, ही गोष्ट कुठल्याही देशात विरळाच. बिलिंग्ज नुसते विकत घेऊन थांबले नाहीत. देशभरच्या डॉक्टरांना त्यांनी पत्रं लिहिली, माळ्यावर पडलेली जुनी नियतकालिकं पाठवा म्हणून मागणी केली, जादा प्रतींच्या बदल्यात दुसऱ्या ग्रंथालयांकडून हवे ते अंक मिळवले, परदेशांतूनही साहित्य मागवलं.

हा सगळा पसारा बराच काळ एका नाट्यगृहात होता. वॉशिंग्टनमधल्या ज्या फोर्ड थिएटरमध्ये एप्रिल १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, ती इमारत सरकारने ताब्यात घेतली होती. ग्रंथालय १८८७ पर्यंत तिथेच होतं, मग स्वतःच्या इमारतीत गेलं. ते वेळेत गेलं म्हणायचं. १८९३ मध्ये त्या थिएटरमधले मजले कोसळून तिथे काम करणारे २२ कारकून मेले.

१८९५ मध्ये बिलिंग्ज निवृत्त झाले तेव्हा ग्रंथालयात एक लाख सोळा हजारांहून जास्त ग्रंथ आणि एक लाख नव्वद हजारांहून जास्त पत्रिका होत्या. तरुणपणी ज्यासाठी युरोपला जावं लागेल असं वाटलं होतं, ते त्यांनी आपल्याच देशात उभं केलं.

शोधायचं कसं?

पुस्तकं जमवणं हे अर्धंच काम. त्यात हवं ते सापडलं पाहिजे. बिलिंग्ज रोज संध्याकाळी नियतकालिकांचे गठ्ठे घरी घेऊन जात आणि कुठला लेख सूचीत घ्यायचा त्यावर पेन्सिलने खूण करत. दुसऱ्या दिवशी कारकून त्या लेखाची माहिती कार्डावर उतरवून घेत. मग ती कार्डं लेखकाच्या नावाप्रमाणे आणि विषयाप्रमाणे लावली जात. १८७६ मध्ये त्यांनी नमुन्यादाखल एक छोटा भाग छापून लोकांची मतं मागवली. १८८० मध्ये सूचीचा पहिला खंड निघाला, आणि १८९५ पर्यंत पहिली मालिका १६ खंडांत पुरी झाली.

पण छापील खंड निघेपर्यंत तो शिळा होतो. म्हणून १८७९ पासून, डॉ. रॉबर्ट फ्लेचर या सहकाऱ्याबरोबर, बिलिंग्ज यांनी इंडेक्स मेडिकस हे मासिक सुरू केलं. महिन्याभरात जगात वैद्यकशास्त्रावर काय नवं छापलं गेलं याची ती यादी. ते कधी फायद्यात चाललं नाही. १८९९ मध्ये बंद पडलं, १९०३ मध्ये कार्नेगी संस्थेच्या पैशावर पुन्हा उभं राहिलं.

विषयवार मांडणीचं महत्त्व तुम्ही स्वतः शोधायला बसलात की कळतं. एकाच आजाराला लोक किती नावं देतात! आपल्याकडेच फिट, फेफरं, मिरगी, अपस्मार ही सगळी एकच. सूची करणाऱ्याने यातलं एक नाव ठरवायचं आणि बाकीची त्याखाली आणायची. पबमेडमध्ये हेच काम ‘मेश’ नावाची शब्दसूची करते. तुम्ही इंग्रजीत ‘हार्ट अटॅक’ टाइप केलंत तरी पबमेड आपणहून ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या शास्त्रीय नावाखालचे लेखही शोधून आणतं. तरी आमचा सल्ला असा, की डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी लिहिलेलं निदान जसंच्या तसं, स्पेलिंग बघून टाका. औषधाचं कंपनीने दिलेलं नाव न टाकता पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं मूळ घटकाचं नाव टाका. भारतातल्या ब्रँडची नावं जगभरच्या संशोधकांना माहीत नसतात.

यादीत आहे म्हणून खरं आहे, असं नाही

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. बिलिंग्ज यांनी आयुष्याची कित्येक वर्षं वैद्यकीय साहित्य जमवण्यात घालवली, पण त्या साहित्याबद्दल त्यांना भाबडा आदर मुळीच नव्हता. १८८१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत ते याच विषयावर बोलले. त्यातलं बरंचसं निकामी, शिळं आणि पुन्हा पुन्हा तेच सांगणारं आहे, हे त्यांनी जगभरच्या डॉक्टरांसमोर स्पष्ट मांडलं. यादी त्यांनी केली ती तुलना करता यावी म्हणून. एका लेखाशेजारी त्याच विषयावरचे दहा लेख दिसले की पहिल्याची खरी किंमत कळते.

पबमेडमध्ये आज साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. त्यात उत्तम अभ्यास आहेत, उंदरांवरचे प्रयोग आहेत, एकाच रुग्णाचे किस्से आहेत, आणि चुकीचे ठरलेले लेखही आहेत. एक उदाहरण तुमच्या ऐकण्यात असेल. १९९८ मध्ये लॅन्सेट या नामवंत नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवरचा एक लेख आला. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ऑटिझम यांचा संबंध असावा अशी भीती त्यातून जगभर पसरली आणि अनेक आईवडिलांनी लस टाळली. पुढे लाखो मुलांच्या अभ्यासांत असा संबंध दिसला नाही आणि २०१० मध्ये लॅन्सेटने तो लेख मागे घेतला. पबमेडमध्ये तो आजही आहे, पण मागे घेतल्याच्या ठळक सूचनेसह. ती सूचना न बघता कुणी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला, तर तो खरा लेखच वाटणार.

म्हणून शोध घेतल्यावर पहिल्या नोंदीवर थांबू नका. पानाच्या बाजूला लेखाचा प्रकार निवडायची सोय आहे. तिथे ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ किंवा ‘मेटा-ॲनालिसिस’ निवडा. एका प्रश्नावरचे सगळे चांगले अभ्यास गोळा करून, त्यांची एकत्र छाननी केलेले हे लेख असतात. तरुण बिलिंग्ज यांनी सहा महिने घालवून जे करायचा प्रयत्न केला, तेच इथे एखाद्या गटाने पद्धतशीरपणे केलेलं असतं. अशीच छाननी कॉक्रेन ही संस्था करते आणि तिचे सोप्या भाषेतले सारांश कुणालाही फुकट वाचता येतात. सामान्य वाचकाने सुरुवात तिथून करावी, असं माझं मत आहे. पबमेडची भाषा डॉक्टरांनाही कधी कधी झोप आणते.

सारांश वाचताना अभ्यास माणसांवर झाला का, हे आधी बघा. मग किती जणांवर, आणि उपचार न दिलेला किंवा जुना उपचार दिलेला दुसरा गट तुलनेला होता का, ते बघा. फायदा कशात मोजला हेही बघा. माणसं जास्त जगली, इस्पितळात कमी वेळा गेली, की फक्त रक्तातला एक आकडा सुधारला? पूर्ण लेख फुकट असेल तर शेवटी खर्च कुणी केला तेही लिहिलेलं असतं. औषध कंपनीने पैसे दिले म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही, पण ते माहीत असावं.

खालची संख्या

बिलिंग्ज यांच्या कामाची दुसरी बाजू सार्वजनिक आरोग्याची आहे. १८७८ मध्ये मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात पीतज्वराची भयंकर साथ आली. एकट्या मेम्फिस शहरात पाच हजारांहून जास्त माणसं मेली. पुढच्या वर्षी अमेरिकेने राष्ट्रीय आरोग्य मंडळ स्थापलं आणि बिलिंग्ज त्याचे उपाध्यक्ष झाले. राज्यांशी भांडणं आणि पैशांची चणचण यांत ते मंडळ काही वर्षांतच विरलं. टिकलं ते बिलिंग्ज यांचं आकड्यांचं काम. १८८० आणि १८९० च्या जनगणनेत जन्ममृत्यूच्या आकडेवारीची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

साथीत पाचशे माणसं मेली, एवढ्यावरून काहीच कळत नाही. ती पाच हजारांतली पाचशे की पाच लाखांतली? भागाकारातली खालची संख्या हवी. त्यासाठी प्रत्येक मृत्यूची आणि त्याच्या कारणाची नोंद हवी, आणि त्या काळी अमेरिकेच्या बहुतेक भागांत ती होत नव्हती. १८८० मध्ये जिथली नोंद विश्वासार्ह मानता आली, असा भाग म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि न्यू जर्सी ही दोन राज्यं, राजधानीचा प्रदेश आणि काही शहरं, एवढाच होता. आपण हसायचं कारण नाही. २०२० च्या सरकारी अहवालाप्रमाणे भारतात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी मृत्यूचं कारण प्रमाणित केलेलं होतं. त्यामुळे अमुक आजाराने देशात इतके मृत्यू, अशी बातमी वाचलीत की तो आकडा बऱ्याचदा अंदाज बांधून काढलेला असतो हे ध्यानात ठेवा. आपल्या जिल्ह्याची स्थिती बघायची असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं इंटरनेटवर फुकट आहेत. देशादेशांची तुलना जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत मिळते.

हीच खालची संख्या औषधांच्या जाहिरातीतून गायब असते. धोका ५० टक्क्यांनी कमी होतो असं वाचलं की मोठं वाटतं. हजारात दोघांना होणारा त्रास आता एकालाच होतो, याचाही अर्थ ५० टक्केच. आणि शंभरातल्या वीस जणांऐवजी दहा जणांनाच होतो, याचाही तोच. पहिल्या उदाहरणात औषध घ्यावं का हा प्रश्न आहे, दुसऱ्यात कदाचित तो उरतच नाही. म्हणून किती जणांतले किती, ते शोधा.

जनगणनेच्या कामातच आणखी एक गोष्ट घडली. १८८० ची मोजदाद हाताने करताना कारकुनांना कित्येक वर्षं लागली. बिलिंग्ज यांच्या घरी चहाच्या टेबलावर हर्मन हॉलरिथ नावाचा एक तरुण अभियंता होता. हे यांत्रिक काम यंत्रानेच करायला हवं, अशी कल्पना बिलिंग्ज यांनी त्याच्यापुढे मांडली. हॉलरिथने भोकं पाडलेली कार्डं विजेवर मोजणारं यंत्र बनवलं आणि १८९० ची जनगणना त्यावर झाली. धंद्यात पडायला बिलिंग्ज तयार नव्हते; प्रश्न सुटला यातच त्यांना समाधान होतं. हॉलरिथची कंपनी पुढे इतर कंपन्यांत मिसळली आणि १९२४ पासून आयबीएम या नावाने ओळखली जाऊ लागली.

शेवटची वर्षं, आणि नंतर

मधल्या काळात बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय बिलिंग्ज यांच्या आराखड्यावर उभं राहिलं. ते १८८९ मध्ये उघडलं आणि तिथे विल्यम ऑस्लर यांना आणण्यातही त्यांचा हात होता. लष्करातून निवृत्त झाल्यावर १८९६ मध्ये ते न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे पहिले संचालक झाले. शाखा ग्रंथालयांसाठी अँड्र्यू कार्नेगी यांच्याकडून ५२ लाख डॉलर मिळाले ते त्यांच्याच प्रयत्नाने. या वर्षांत ते स्वतः रुग्णही होते. ओठाच्या कर्करोगासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. ११ मार्च १९१३ रोजी, मूत्रमार्गातल्या खड्याच्या शस्त्रक्रियेनंतर, न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचं ग्रंथालय १९५६ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झालं. १९६४ मध्ये इंडेक्स मेडिकसचं काम संगणकावर गेलं, १९७१ मध्ये मेडलाइन सुरू झालं आणि १९९७ पासून पबमेड सर्वांना फुकट खुलं झालं. इंडेक्स मेडिकसचा छापील अंक २००४ च्या शेवटी बंद झाला. त्याच ग्रंथालयाच्या पबमेड सेंट्रल या भागात पूर्ण लेख वाचता येतात. तिथे कोलकात्याहून निघणाऱ्या इंडियन मेडिकल गॅझेटचे १८६६ पासूनचे अंकही आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा इथल्या डॉक्टरांनी काय पाहिलं, काय करून बघितलं, ते तुम्ही घरबसल्या वाचू शकता.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पबमेडमधल्या प्रत्येक नोंदीखाली पीएमआयडी असा एक क्रमांक असतो. एखादा लेख आपल्या रुग्णाला लागू पडेल असं वाटलं तर स्क्रीनशॉट काढू नका, तो क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढच्या भेटीला ती चिठ्ठी आणि रुग्ण सध्या घेत असलेली सगळी औषधं बरोबर आणा. तोवर चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका आणि नवीन सुरूही करू नका. क्रमांक टाकला की डॉक्टरांना तोच लेख अर्ध्या मिनिटात समोर दिसतो, आणि त्यातले रुग्ण तुमच्या रुग्णासारखे होते का, हे दोघांना मिळून बघता येतं.